घट

उद्यमबागेत, लेथच्या कारखान्यांमागं, शेवटच्या गल्लीत
आमचं युनिट.
संकेश्वरी मिरचीतून इथं लाल काढतात, तिखट काढतात, वास काढतात,
आणि उरलेल्या चोथ्याला मिरची म्हणायचं बंद करतात.
चिप्सच्या पाकिटावर बारीक अक्षरात जो अर्क असतो
तो इथूनच जातो, वीस लिटरच्या कॅनमधनं.

माझ्याआधी लॅबचं रजिस्टर हुक्केरी सर लिहायचे.
मिरची आली. हेक्झेन घेतलं. हेक्झेन परत मिळालं.
शेवटचा रकाना: घट.
कधी अकरा लिटर, कधी चौदा.
शंभर आत जाऊन शहाऐंशी घरी आले
तर चौदा जण कुठं मुक्कामाला राहिले,
कुणी विचारत नव्हतं.

मी विचारलं.
सर म्हणाले, उडतं. त्याचा स्वभावच तो.

उडून ते लांब जात नव्हतं.
झाकण उघडायचे इर्शाद मुल्ला,
एकोणीस वर्षं, पाळीला चारदा,
तोंड बाजूला करून.
सुट्टी झाली की ते नळाशी नुसतेच उभे राहायचे
आणि बाळेश येऊन त्यांच्या शर्टाची बटणं लावायचा.
"डोळ्याला दिसतंय बघ," म्हणायचे,
"खरं बोटाला नाही."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
नवं यंत्र घेऊन पुण्याहून आलेल्या इंजिनियरला
हे कळायला आठवडा लागला.
"व्हॉल्व्ह बंद आहे, खरं गळतंय,"
बाळेशनं सांगितलं,
आणि तो बिचारा बराच वेळ विचारत राहिला,
यातलं खरं नेमकं कुठलं?

यंत्राला हेक्झेन नको.
त्याला लागतो मळी आंबताना वर येणारा वायू,
घटप्रभेकाठच्या डिस्टिलरीतला,
आजवर आभाळाला फुकट गेलेला.
इंजिनियर म्हणाला, याला हिरवं रसायनशास्त्र म्हणतात.
देठ खुडता खुडता निलव्वा म्हणाली,
"लालच दिसतंय की."

जाड काचेच्या भिंगातून मी आत पाहिलं.
खाली द्रव, वर वाफ,
मधे एक रेघ, तळ्याच्या काठाइतकी शांत.
तीस अंश. दाब चढत होता.
एकतीसच्या पुढं काटा सरकला
तशी रेघ धुरकटली, थरथरली,
आणि नाहीच.
वरचं कोण, खालचं कोण,
कुठल्या बाजूला कुठल्या अक्षरांची पाटी लावायची,
काही सांगता येईना.
"एल्लि होतु?" बाळेश काचेला नाक लावून,
"रेघ गेली कुठं?"
मी या गावात जन्मले, वाढले;
हा प्रश्न इतक्या निरागसपणे विचारलेला
पहिल्यांदाच ऐकला.

वायूसारखं ते मिरचीच्या पेशीपेशीत शिरलं,
द्रवासारखं सगळं उचलून बाहेर आलं.
दाब सोडला. ते परत टाकीत निघून गेलं,
मागं वासही न ठेवता,
आणि पेल्यात जाड, सावकाश, लाल.
मला सलग चार शिंका आल्या.
चोथा निलव्वानं पोत्यात भरून नेला, परसातल्या कढीपत्त्याला.
आधीचा ती दाराशीही ठेवून घेत नव्हती.

रात्री रजिस्टर उघडलं.
घटच्या खाली शून्य लिहायचा मोह झाला,
लिहिलं दोन किलो, कारण दोन किलो गेला होता.
पंप रात्रभर वीज पितो,
तिला रकाना नाही. मी रेघ मारून केला.
मग पान मागं उलटत गेले,
एकोणीस वर्षांचे अकरा, चौदा, बारा
निळ्या शाईत, सुवाच्य.
बेरीज करायला घेतली आणि सोडून दिली.

आता झाकण आपोआप उघडतं.
इर्शादचाचांना बसून काम दिलंय, पॅनलवर.
हिरवं बटण दाबायचं.
ते आधी बोटाकडं बघतात, मग बटणाकडं, मग दिव्याकडं,
दिवा लागला म्हणजे बोट टेकलं असणार.
"आता बरं आहे की, चाचा?"
"बरं आहे," म्हणतात,
"खरं..."